मुलीला प्राण्यांचं वेड, म्हणून अख्ख्या घराने ताडोबाला जायचं का?

डहाणूकर_कॉलनी

आधीच सांगतो, मी जंगलातला माणूस नाही. सुट्टी म्हणजे दापोली, सुरमई आणि दुपारची झोप, असं माझं सरळ गणित आहे. घरात आम्ही पाच जण: मी, बायको, आई (वय ७२, गुडघे कुरकुरतात), मुलगी १५ वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा.

मुलीला पाचवीपासून प्राण्यांचं वेड. कात्रजच्या सर्पोद्यानात तिला इतक्या वेळा नेलंय की आता मी बाहेर बाकावर पेपर वाचत बसतो. तिच्या कपाटात बुटांच्या खोक्यात सापाची कात ठेवलेली आहे, बायकोला अजून माहीत नाही. पावसाळ्यात वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीपाशी जाऊन बेडकांचे आवाज फोनवर रेकॉर्ड करते आणि रात्री जेवताना आम्हाला ऐकवते. बाथरूममधल्या पालीला तिने नाव ठेवलंय.

नववीची परीक्षा संपली. या वर्षीची ट्रिप तिच्या आवडीची करायची असं मी ठरवलं आणि ताडोबाचं बघायला लागलो. खर्च बघून पोटात गोळा आला. जिप्सीचं भाडं, गाइड, प्रवेश, रिसॉर्ट, वर नागपूरपर्यंतचा प्रवास. एवढं करून वाघ दिसेलच असं नाही. बायको म्हणते मुलीसाठी एकदा करू. आई म्हणते मी घरीच बरी. मुलगा विचारतो तिथे स्विमिंग पूल आहे का.

एकाच्या आवडीसाठी पाच जणांची सुट्टी पणाला लावावी का?

शनिवारपेठी_स्पष्ट

नाही.

कारणही देतो, नाहीतर म्हणाल उर्मट आहे. सुट्टी घराची असते. तुमच्या आईंना ७२ व्या वर्षी मे महिन्यात चंद्रपूरला नेणार? तिथे पारा ४५ च्या वर जातो. पहाटे साडेचारला उठून उघड्या जिप्सीत बसायचं, चार तास कच्च्या रस्त्यावर आदळत फिरायचं आणि परत येऊन सांगायचं, ‘पगमार्क दिसले.’ आजकाल मुलाने काही म्हटलं की आईबाप लगेच त्याची आवड जोपासायला धावतात. आम्हाला वडील दर उन्हाळ्यात गावी न्यायचे. आवड विचारली नाही कोणी. विहिरीत पोहायला तिथेच शिकलो.

मुलीला शिबिराला पाठवा. तुम्ही दापोलीला जा. सगळे खूश.

विदर्भाचा_जावई

स्पष्टराव, ऊन आहे हे खरं, पण त्या उन्हामुळेच मे महिन्यात प्राणी दिसतात. पानगळ झालेली असते, लांबवरचं नजरेत येतं. पाणी आटत जातं तसं जंगल उरलेल्या पाणवठ्यांभोवती गोळा होतं. वाघ तर उन्हाळ्यात पाण्यात बसून असतो. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, तीन महिने बंदच असतो.

सासुरवाडी चंद्रपूरची असल्याने सात-आठ वेळा गेलोय. चार वेळा वाघ दिसला. पण मला विचाराल तर सगळ्यात लक्षात राहिली ती रानकुत्री. अकरा होती, रस्त्यावर लोळत होती शाळा सुटल्यासारखी. अस्वल दिसलं, गवे दिसले, तलावाच्या काठाला मगर. त्या तलावापाशी तारू देवाचं ठाणं आहे. गोंड लोक त्याला मानतात, त्याच्या नावावरून ताडोबा. हे राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, राज्यातलं सगळ्यात जुनं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मंगळवारी उद्यान बंद असतं, आमच्या साडूने नेमकं मंगळवारचं हॉटेल बुक केलं होतं. आणि कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, जी तुमच्या घरासाठी पर्वणीच असेल. कोअर मिळाला नाही तर बफरच्या, म्हणजे भोवतीच्या पट्ट्याच्या, गेटवरून जा, वाघ काही हद्द बघून फिरत नाही.

आईंना संध्याकाळची एकच सफारी करू द्या. बाकी वेळ त्या पंख्याखाली.

माळरान

वाघ दाखवणं आणि जंगल दाखवणं यात फरक आहे. ताडोबाला जिप्सीतला प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो: दिसला का? समोरून गाडी आली की ड्रायव्हर-ड्रायव्हरची खूण होते आणि सगळे तिकडे सुसाट. २०२५ च्या नव्या वर्षाच्या गर्दीत उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी कोंडलं होतं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. १५ वर्षांच्या मुलीला हे दाखवायला ७०० किलोमीटर न्यायचं?

पुण्याला काय कमी आहे? सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य, जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण चिंकारा हमखास. वनखात्याने २०२४ मध्ये इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, गाइड गावातलीच मुलं. लांडगा, खोकड, तरस. महाराष्ट्रात लांडगा बघायला मिळणं किती भाग्याचं आहे हे आपल्याला कळत नाही, कारण सरकारदप्तरी ही जमीन इंग्रजांच्या काळापासून ‘पडीक’. पडीक म्हटलं की तिथे सोलर लावा, एमआयडीसी काढा, झाडं लावा. झाडं लावणं हा माळावरचा अत्याचार असतो हे कोणाला सांगायला गेलं तर लोक वेड्यात काढतात.

प्रामाणिकपणे सांगतो, मे महिन्यात माळावर तुम्ही करपून जाल. दिवाळीनंतर जा. भोवत्या पक्षी तेव्हा येतात, गवत सोनेरी झालेलं असतं. सकाळी निघून दुपारी जेवायला घरी. येताना भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघा, डिसेंबर-जानेवारीत हजारोंनी असतात. आईंना बोटीत बसवा, नावाडी हळू नेतात.

विदर्भाचा_जावई

@माळरान, गर्दीचा मुद्दा मान्य. पण मोहर्लीच्या गेटवर गाइड, ड्रायव्हर, होमस्टे हे सगळं आजूबाजूच्या गावांचं पोट आहे. ज्या गावातल्या माणसाची गाय वाघाने नेली, त्याच गावातला मुलगा वाघ दाखवून पगार घेतो. पर्यटक गेलेच नाहीत तर त्या वाघाबद्दल गावाला ममत्व का वाटावं? तुमचा लांडगा मरतो कारण त्याला तिकीट नाही.

माळरान

हे वाक्य लागलं. पण उत्तर नाही म्हणत. कडबनवाडीची सफारी याच हिशेबाने निघाली आहे. धनगराच्या वाड्यातलं कोकरू गेलं तर तो लांडग्यावर विष घालणार नाही यासाठी गावात चार पैसे यायला हवेत, यावर आपलं दुमत नाहीच.

उसाचा_पट्टा

मी जुन्नर तालुक्यातला, नोकरीसाठी चिंचवडला. तुम्हा लोकांची चर्चा वाचून गंमत वाटते.

आमच्याकडे बिबट्या बघायला तिकीट लागत नाही. ऊस १२-१४ महिने उभा असतो, त्यात मादी पिल्लं घालते. त्या पिल्लांनी जंगल पाहिलेलंच नसतं, ऊस हेच त्यांचं माहेर. ऊसतोड आली की ती उघडी पडतात. शेतातल्या पंपाची थ्री फेज लाईट रात्रीची, म्हणजे पाणी द्यायला रात्रीच जायचं. माझे वडील हातात बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने भजनं लावून जातात. चुलतभावाची पोरं शाळेत घोळक्याने जातात. गेल्या वर्षी आमची दोन शेळ्यांची जोडी गोठ्यातून गेली.

मी बिबट्याच्या विरोधात नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथली माणसं किती राबतात हे जवळून पाहिलंय. पण मुलीला प्राण्यांचं वेड असेल तर तिला एकदा आमच्या गावात दोन रात्री ठेवा. आवड टिकली तर ती खरी. नाहीतर रिसॉर्टमधून वाघ सगळ्यांनाच आवडतो.

शनिवारपेठी_स्पष्ट

या धाग्यात पहिल्यांदा कोणीतरी मुद्द्याचं बोललं.

दहावीची_आई

सगळ्यांना एक गोष्ट दिसत नाहीये. नववी संपली म्हणजे जूनमध्ये दहावी! आमच्या सोसायटीत क्लास एप्रिलपासूनच सुरू झालेत. जायचंच असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात उरकून घ्या. माझ्या मुलाचं क्रिकेट मी दहावीपुरतं बंद केलं. ८९ टक्के पडले.

पावसाळी_किडा

आणि आता खेळतो का तो क्रिकेट?

(उत्तराची घाई नाही.)

डहाणूकर, तुमची पोस्ट पुन्हा वाचा. सापाची कात, बेडकांचे आवाज, पाल, सर्पोद्यान. वाघ एकदाही मुलीच्या तोंडी नाही. वाघ तुम्ही आणलात. घरात कुणाला गाणं आवडतं म्हटलं की लोक जसे थेट सवाई गंधर्वचं तिकीट काढतात तसं झालंय हे.

तुमच्या मुलीची जागा आंबोली आहे. जुलैत. सावंतवाडी तालुक्यातलं घाटमाथ्यावरचं गाव, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पहिला पाऊस पडला की आंबोली टोड बाहेर येतो. एवढासा प्राणी, आणि मुख्यतः याच परिसरातला. पुढे मलबारी उडता बेडूक: पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मादी फेसाचं घरटं करते, पानं त्याला चिकटतात, आतली पिल्लं वाढली की टपटप खालच्या पाण्यात पडतात. हे मी स्वतः पाहिलंय, रात्री दहा वाजता, छत्री उलटी झालेली असताना. शिवाय मलबारी चापडा, एकच जातीचा साप पण हिरवा, पिवळा, तपकिरी अशा वेगवेगळ्या रंगांत. आणि नशीब असेल तर देवगांडूळ, जे गांडूळ नाही आणि साप तर नाहीच, बेडकाचं पाय नसलेलं भावंड.

आईंसाठी हिरण्यकेशीचं मंदिर. नदीचा उगम तिथल्या गुहेतून. त्या देवळाच्या कुंडात २०२० साली माशाची नवी जात सापडली, नाव नदीवरूनच दिलंय, आणि २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आई देवाला हात जोडतील, मुलगी कुंडात डोकावेल. पायऱ्या फार नाहीत, पण निसरड्या असतात, हात धरा.

माळरान

आंबोलीला माझा विरोध नाही, पण गुलाबी चित्र रंगवू नका. शनिवार-रविवारी धबधब्यावर जत्रा असते, बाटल्यांचा खच. रात्रीच्या फेरीतही फोटोवाले बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवतात, चापड्याला काडीने डिवचतात. ओडोमॉस चोपडलेल्या हाताने बेडूक धरतात. त्याची कातडी सगळं शोषून घेते हे पाचवीच्या पुस्तकात आहे. वाघाला निदान जिप्सीचं अंतर मिळतं. बेडकाला कोण विचारतो? आणि तुमची गाडी रात्री घाटात जाते तेव्हा चाकाखाली किती गेले ते मोजलंत कधी?

पावसाळी_किडा

मोजले आहेत. म्हणून अंधार पडल्यावर गाडी हॉटेलात आणि आम्ही पायी. गावातला गाइड घ्यायचा, त्याच्या अटी पाळायच्या: हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, आठच्या वर माणसं नाहीत. जो गाइड बेडूक उचलून हातात देतो त्याला दुसऱ्या दिवशी रामराम.

शनिवारपेठी_स्पष्ट

म्हणजे वाघासाठी उन्हात भाजायचं ते टळलं, आता बेडकासाठी पावसात जळवा अंगाला लावून घ्यायच्या. ३५० किलोमीटर, त्यात साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत रस्त्याचं काम. आईंचे गुडघे त्या दमट हवेत काय म्हणतील?

बेडूक हवेत ना? पानशेत रोडला जा. तिथेही ओरडतात.

डहाणूकर_कॉलनी

सगळ्यांचे आभार. @पावसाळी_किडा, तुमचं वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. मग मुलीला विचारलं. होय, तोपर्यंत विचारलं नव्हतं, सरप्राइज द्यायचं होतं.

ताडोबा म्हटल्यावर ती म्हणाली, ‘छान आहे की.’ आमच्या घरात नको असलेल्या भाजीला असंच म्हणतात. आंबोली म्हटल्यावर आधी माझ्याकडे संशयाने बघितलं, आणि मग सव्वा तास बोलत होती. देवगांडुळाचा उच्चार तिने मला दोनदा सुधारायला लावला. जुन्नरचंही सांगितलं. @उसाचा_पट्टा, ती गंभीरपणे म्हणाली की दिवाळीत जाऊया, तुमच्या वडिलांची हरकत नसेल तर.

मग म्हणाली, ‘सगळ्यांनी यायलाच पाहिजे का?’ हे मला अपेक्षित नव्हतं. मी इथे पाच जणांचं गणित मांडत बसलो होतो आणि तिला त्यातले तीन चालणार होते. आजी हवी आहे (आजी रात्री जागी असते आणि गप्प बसते). मी चालेन, गाडी चालवायला. धाकटा नको, तो बॅटरी डोळ्यांवर मारतो. आईने ठरवावं.

बायकोला जरा लागलं. पण काल तिने स्वतःच हिशेब केला: मेमध्ये चार दिवस दापोली सगळ्यांनी, जुलैत तीन दिवस आम्ही तिघं आंबोली, आणि ती मुलाला घेऊन माहेरी सांगलीला. आम्ही जाताना त्यांना सोडायचं, येताना घ्यायचं. दोन्ही मिळून ताडोब्याच्या निम्म्यात बसतंय.

@दहावीची_आई, क्लासला शुक्रवार-सोमवार दांडी पडेल. सरांना मी सांगणार नाहीये, तिने सांगायचं असं ठरलंय.

माझ्यासाठी एकच अट आहे, रात्रीच्या फेरीला बोलायचं नाही. कातीचं खोकं मात्र बायकोला सापडलं. तो वेगळा धागा होईल.

शनिवारपेठी_स्पष्ट

तीन माणसांची ट्रिप म्हणजे घराची ट्रिप नव्हे. माझं मत कायम आहे.

पण आईंना नेताय तर जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे जाड सुती मोजे घ्या, तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवलेले. मीठ पावसात धुऊन जातं. आमचा गावचा अनुभव आहे.

डहाणूकर_कॉलनी

तंबाखू घरात आणली तर आई मला घराबाहेर काढेल. दुसरा उपाय आहे का?