जुन्या गाडीत खडखड, "टक्" आणि टकटक: मूळ कसं शोधायचं?

प्रश्न: पाटेवाली गाडी (टोपणनाव)

इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, चार गिअर. गाडी जुनी आहे, हौसेने ठेवलेली. तीन आवाज जात नाहीत.

चौथ्या गिअरला ताशी ६० ते ६५ च्या मधे पत्रा वाजल्यासारखी खडखड येते. ५५ ला नाही, ७० ला नाही.

अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की गाडीच्या पोटातून एकच "टक्". रिव्हर्स टाकतानाही तेच.

पुढे डाव्या बाजूला बारीक खडबडीत रस्त्यावर टकटकटक. मोठ्या खड्ड्यात मात्र गप्प.

शॉकअब्सॉर्बर आणि टाय रॉड एंड नवे घातलेत, तरी फरक नाही. टायर १६५/८० आर १३, डिफ्रन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचं) प्रमाण ४.१. आता कोणता पार्ट बदलू?

उत्तर: पाना दहा-अकरा

तूर्त एकही नको. आवाज कशाला बांधलेला आहे ते आधी ठरवा: इंजिनाच्या फेऱ्यांना, चाकांच्या वेगाला, की रस्त्याच्या धक्क्यांना. तिसरा आवाज उघडच धक्क्यांचा आहे. पहिला मात्र फसवा आहे, आणि त्याचं कारण तुमच्या चौथ्या गिअरमध्ये आहे.

तुमच्या टायरचा घेर साधारण १.८५ मीटर. ताशी ६० ला चाक सेकंदाला सुमारे ९ वेळा फिरतं, आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे जाणारा फिरता दांडा) त्याच्या ४.१ पट, म्हणजे ३७ वेळा. मिनिटाला झाले जवळजवळ २,२००. अशा गाड्यांत चौथा गिअर बहुधा थेट असतो, म्हणजे इंजिनही तेवढंच फिरतंय. इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगात असताना नुसत्या कानाने निवाडा होणार नाही.

म्हणून तिसऱ्या गिअरला चालवून बघा. त्याचं प्रमाण १.४ च्या आसपास असेल तर इंजिनाच्या त्याच फेऱ्या ताशी ४३ ते ४६ ला मिळतील. खडखड तिथे आली तर ती इंजिनाची, म्हणजे सायलेन्सर, हीट शील्ड, माउंटिंग, एअर फिल्टरचा डबा यांपैकी कशाची तरी. तिथे न येता पुन्हा ६० लाच आली तर शाफ्ट किंवा चाकं.

पडताळा म्हणून मोकळ्या सपाट रस्त्यावर ६५ ला क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप ६० च्या खाली येऊ द्या. किल्ली बंद करायची नाही. स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकचा बूस्टर असेल तर त्याची मदतही जाते. इंजिन आयडलवर असूनही खडखड आली तर इंजिन निर्दोष.

ऐकणारा माणूस वेगळा असावा. चालवणाऱ्याला आवाजाची दिशा नीट कळत नाही, शिवाय त्याचं लक्ष रस्त्यावरच हवं. त्याआधी डिकी पूर्ण रिकामी करा: जॅक, पाने, स्टेपनी, सगळं. सीट बेल्टची मोकळी बकल दारावर आपटते तीही अडकवून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते वगळून पुढची कुठलीही चाचणी विश्वासाची नाही.

उत्तर: ग्रीसगन

दुसऱ्या आवाजाचं सांगतो. ओढीची दिशा उलटताना येणारा "टक्" म्हणजे इंजिनापासून चाकांपर्यंतच्या जोडांत कुठेतरी प्ले (सैलपणा) आहे. शाफ्टचे क्रॉस (टोकांचे वळते सांधे), सरकती स्प्लाइन (दात्यांचा सरकता जोड), डिफ्रन्शियल, पाट्यांचे यू-बोल्ट आणि बुश, इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग, या क्रमाने जा.

गाडी पक्क्या स्टँडवर (नुसत्या जॅकवर कधीच नाही), चाकांना ओट (अडसर), हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. क्रॉसच्या दोन्ही बाजूंना शाफ्ट दोन हातांनी धरा आणि उलटसुलट पिळा. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला काहीच जाणवत नाही. किंचित "टिक्" लागली तरी तो गेला. क्रॉसच्या टोकावरच्या कपाच्या (टोपीच्या) कडेला लालसर, गंजाची पूड दिसते का तेही टॉर्च लावून बघा. कपातले नीडल रोलर (सुईसारखे बारीक रोलर) कोरडे पडले की ती पूड बाहेर येते, बऱ्याचदा प्ले जाणवायच्या आधीच. डिफ्रन्शियलच्या फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीवर) मात्र थोडा प्ले असतोच, तो बघून घाबरू नका.

शाफ्ट काढायचा झाला तर आधी दोन्ही फ्लँजवर आणि स्प्लाइनच्या जोडावर खडूने नको, सेंटर पंचने खुणा करा. स्प्लाइन चुकीच्या दातावर बसली की दोन क्रॉसची दिशा जुळत नाही आणि आधी नसलेली थरथर सुरू होते.

यू-बोल्ट कसताना गाडीचं वजन चाकांवर हवं. पाट्यांच्या आणि पुढच्या आर्मच्या रबरी बुशांचंही तेच. चाक लोंबकळत असताना बोल्ट कसला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, करकरतं आणि लवकर फाटतं. बुश करकरत असेल तर त्यावर पाणी मारून बघा. आवाज तात्पुरता थांबला तर तोच बुश. रबराला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं.

आता डावी टकटक. बारीक धक्क्याला वाजते आणि मोठ्याला नाही, याचा अर्थ प्ले अगदी थोडा आहे. मोठ्या धक्क्यात सांधा एका बाजूला दाबून धरला जातो, बारीक धक्क्यात तो मधल्या पोकळीत नाचतो. त्याच रस्त्यावर डाव्या पायाने ब्रेक नुसता टेकवा. टकटक थांबली तर कॅलिपरमध्ये ब्रेकचे पॅड सैल आहेत, स्प्रिंग क्लिप हरवली असेल. नाही थांबली तर स्टॅबिलायझर बारच्या (वळणात गाडी झुकू न देणाऱ्या दांडीच्या) दोन्ही लिंक सोडा, बार तारेने वर बांधा आणि रिकाम्या रस्त्यावर ताशी २० ने फिरवा. गाडी जास्त झुकेल, म्हणून वळणं हळू घ्या. शांतता झाली तर लिंक किंवा बारचे बुश.

तरीही वाजली तर नव्या शॉकअब्सॉर्बरचा वरचा नट बघा. आतली स्लीव्ह किंवा एखादा वायसर राहून गेला की नट आट्यांच्या शेवटाला जाऊन टेकतो. पान्याला घट्ट लागतो, पण रबर दाबलंच गेलेलं नसतं. वरचं रबर बोटांनी फिरवून बघा. फिरलं तर सापडलं.

प्रश्नकर्ता: पाटेवाली गाडी

तिसऱ्या गिअरला ४५ ला खडखड आली. उभ्या गाडीतही २,३०० फेऱ्यांना येते, पण बारीक. मागच्या क्रॉसच्या एका कपाभोवती लाल पूड आहे. शॉकअब्सॉर्बरचं वरचं रबर बोटाने सहज फिरतं. दोन आवाज तर कळले. खडखडीसाठी नेमका पत्रा कोणता ते कसं शोधू?

उत्तर: पाना दहा-अकरा

उभ्या गाडीत येते हे फार सोयीचं झालं. आधी इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सर, पाइप आणि हीट शील्डवर मुठीने ठोका. भरीव "ठप्" ऐकू यायला हवा. झणझण आली तिथे खूण करा.

मग न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना ओट. एकाने फेऱ्या २,३०० वर धरायच्या आणि दुसऱ्याने बाजूने, मोकळ्या हवेत, झाडूच्या लांब दांड्याने एकेक पत्रा दाबायचा. ज्याला दांडा टेकताच आवाज तुटतो तो पत्रा. फॅन आणि बेल्टजवळ दांडा नेऊ नका.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे २,३०० ला सेकंदाला साधारण ७७ ठोके. सैल पत्र्याची स्वतःची थरथर त्याच्याशी जुळली की तो तेवढ्याच पट्ट्यात वाजतो. ५५ आणि ७० ला गप्प राहतो तो याचमुळे.

हीट शील्ड बहुतेक वेळा बोल्टच्या भोकाभोवती फाटते. तिथे ३० मिलिमीटरचा रुंद स्टीलचा वायसर घाला, किंवा शील्ड आणि पाइप मिळून एक स्टेनलेस होज क्लिप आवळा. शील्ड काढून टाकू नका. तिच्या वर फ्लोअरमॅट असतं, शेजारी पेट्रोलची नळी असू शकते.

शील्ड निर्दोष निघाली तर पाइप बॉडीला कुठे चमकदार घासलाय ते बघा. रबर हँगर शाबूत असले तरी पाइप तिरका बसलेला असू शकतो. सगळे क्लॅम्प ढिले करा, पाइप लोंबू द्या, चारी बाजूंनी साधारण २० मिलिमीटर जागा ठेवून इंजिनाकडून मागे कसत या. मग गाडी गरम करून, पूर्ण थंड झाल्यावर एकदा पुन्हा कसा.