परसात सहा कोंबड्या पाळायच्या आहेत (चिपळूण): खुराडं कसं बांधावं, पिल्लं कधी आणावीत?

परसदार
घरात आम्ही चौघं, त्यात दोन लहान मुलं. घरामागे 10 बाय 15 फुटांचं परस आहे, एका कडेला फणस. रोज तीन-चार अंडी मिळाली की पुरे. जात गिरिराजा घ्यावी की वनराजा हे ठरत नाहीये. पावसाळ्यात चिखल होतो, आणि मुंगूस रोज दिसतं. जूनमध्ये एक दिवसाची पिल्लं आणली तर चालतील का?

चिरेबंदी
जूनमध्ये नकोच. झड सुरू झाली की खुराड्यात अंथरलेलं तूस सुकत नाही, आणि ओल्या तुसात रक्ती हगवण ठरलेली. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात आणा. तोवर खुराडं नीट बांधून घ्या.

जांभ्याच्या चिऱ्यांचा दीड फुटाचा चौथरा करा, वर कोबा. मुंगूस माती उकरून खालून शिरतं, कोब्यातून त्याला वाट मिळत नाही. नुसतं रात्रीपुरतं असेल तर पक्ष्यामागे 2 चौरस फूट पुरतात, पण कोकणात पावसाचे कित्येक दिवस कोंबड्या आतच राहणार, म्हणून 6 बाय 4 फूट धरा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. पश्चिमेची आखूड भिंत पूर्ण बंद, कारण झड तिकडूनच येते. लांब बाजूंना खाली फूटभर भिंत आणि वर जाळी. छपराचे पाखे दोन्हीकडे तीन फूट बाहेर हवेत.

जाळीत पैसे वाचवू नका. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. ते भोकातून तोंड घालून कोंबडीचं मुंडकं ओढतं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी) घ्या, चौकटीला पट्टी मारून स्क्रूने आवळा. दाराला नुसता आकडा नको, कडी-कोयंडा लावा.

तलंग
जात कुठली हा प्रश्न नंतरचा. गिरिराजा आणि वनराजाची पिल्लं बहुतेक ठिकाणी नर-मादी न निवडता मिळतात, म्हणजे निम्मे कोंबडे निघणार. सहा कोंबड्या हव्यात तर बारा पिल्लं वाढवावी लागतील. मुख्य हेतू अंडी असेल तर ग्रामप्रिया बघा, तिची अंगकाठी हलकी आणि अंडी जास्त. गिरिराजा अंगाने भरते, खातेही जास्त.

पहिल्यांदाच करताय, तर पिल्लांऐवजी आठ-दहा आठवड्यांच्या, लसी झालेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्या असं मी म्हणेन. महाग पडतात, पण बल्बची ऊब देण्याचा आणि मरतुकीचा सगळा काळ टळतो. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. शेजार जवळ असेल तर ठेवूच नका.

परसदार
मुलांना पिल्लंच हवी आहेत हो! बारा आणली तर पहिले पंधरा दिवस काय काय सांभाळायचं?

चिरेबंदी
मग पत्र्याचं तीन फूट व्यासाचं गोल कडं करा. चौकोनी खोक्यात पिल्लं कोपऱ्यात चेंगरतात. खाली दोन इंच भाताचं तूस, त्यावर पहिले तीन दिवस गोणपाट. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात. 60 वॅटचा जुना, तारेचा बल्ब फूटभर उंचीवर टांगा. एलईडीची ऊब नसते. पहिल्या आठवड्यात 33 ते 35 अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी.

थर्मामीटरपेक्षा पिल्लंच बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून केविलवाणी चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडी, पंख फाकलेले, तर उष्मा आहे. कड्यात सगळीकडे पसरून निवांत टिपत असली की बरोबर. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा.

पाण्याचं भांडं पसरट असेल तर त्यात गोटे टाका, पिल्लं बुडतात.

लसटोचा
लसींचं मी सांगतो. मरेक्स या विषाणूच्या रोगाची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात होते, तरी विचारून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस), डोळ्यात एक थेंब. पिल्लू डोळा मिचकावून थेंब आत घेईपर्यंत हातातच धरा, नाहीतर थेंब गालावरून ओघळतो आणि लस वाया. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्याला पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्यात आरटूबी (हीही मानमोडीचीच). मानमोडी आली की औषध नाही, हाच एक बचाव.

कुपी शंभर पक्ष्यांची येते, म्हणून आळीतल्या कोंबड्यावाल्यांनी एकच दिवस ठरवावा. बर्फात आणायची आणि कालवल्यापासून दोन तासांत संपवायची. आजारी पक्ष्याला देऊ नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा.

तलंग
खाद्याची एक चूक फार होते: उरलेलं लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) पिल्लांना घालणं. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, पिल्लांना एक टक्का पुरतं. जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडं जातात. पहिले आठ आठवडे पिल्लांचं खाद्य, मग वाढीचं, आणि अंड्यावर आल्यावरच लेयर, रोज कोंबडीमागे 110 ते 120 ग्रॅम. कण्या, कोबीची पानं, अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती) वरून चालेल. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड मात्र अजिबात नको, ते विषच.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला लागेल ती खाते. कवच पातळ येऊ लागलं तर आधी ती वाटी रिकामी आहे का ते बघा.