पाणमांजराला डोहावरून हुसकवायचं का?

मलप्रभाकाठ
खानापूरच्या वरच्या अंगाला बंधाऱ्यामागं मोठा डोह आहे. वीस वर्षं मी तिथं गरी टाकतोय. यंदा मार्गशीर्षापासून पाणमांजरांचा कळप तिथं मुक्कामाला आलाय, मोठी चार आणि पिल्लं दोन. धुकं विरायच्या आत ती सगळा डोह घुसळून काढतात, मग दिवसभर गरीला साधा शिंगटासुद्धा लागत नाही. गेल्या रविवारी आम्ही पाच-सहा जण जमलो. फटाके लावायचे, कुत्री सोडायची, असं ठरत आलं. एकानं आमिषात औषध घालायची गोष्ट काढली, त्याला मी तिथंच गप्प केलं. पण फटाक्यांना मी हो म्हटलं, आणि घरी आल्यापासून ते हो मला सलतंय. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

हिडकलवाला
सलायचं काय त्यात? घटप्रभेच्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ दिसतात ते लोकांनी पैसे घालून बीज सोडलं म्हणून. ज्यानं बीज सोडलं त्याचा मासा. चार फटाक्यांनी कुणी मरत नाही, जनावर दुसरीकडं जाईल.

जांबोटीकर
दुसरीकडं म्हणजे कुठं? वर गेलं तर ओढे, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. खाली गेलं तर गावाचं सांडपाणी. डोह हेच त्याचं घर आहे. आणि हिडकलवाले, कटला-रोहू मूळचे गंगेकडचे. आपणच ते इकडं आणून सोडले. पाणमांजर मात्र इथलंच.

नंदगडचा तळेवाला
नदीवरच्या हौशी लोकांनी हे बोलणं सोपं आहे. माझं शेतात तळं आहे, त्यावर सोसायटीचं कर्ज आहे. मोठं पाणमांजर दिवसाला किलोभर मासा खातं. चार मोठी धरली तर महिन्याला एकशेवीस किलो. बाजारात विकायला काढायच्या आधीचा मासा जातो हा. शिवाय पूर्ण खात नाहीत, डोक्याकडचा भाग खाऊन बाकीचा काठावर टाकतात. सकाळी तळ्यावर गेल्यावर ते अर्धे मासे बघताना काय होतं, ते ज्याचं तळं आहे त्यालाच कळतं. जंगल खात्याची माणसं येतात, फोटो काढतात, जातात. मला पाणमांजराचा राग नाही. पण त्याचं पोट मी एकट्यानंच का भरायचं?

जांबोटीकर
तळेवाले, तुमचं दुखणं खरं आहे. त्यावर नुसतं "निसर्ग आहे, सोसा" म्हणणाऱ्यांत मी नाही. पण तुमचं तळं आणि मलप्रभेचा डोह एका मापानं मोजू नका. तळ्यातला मासा तुम्ही वाढवलेला आहे. डोहातला मासा कुणाचाच नाही, आणि तिथं आपण गळवाले हक्काची भाषा करतो त्याला माझा विरोध आहे.

डोह रिकामा कोण करतंय ते नीट बघूया. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की चढणीचे मासे ओढ्यात शिरतात, पोटात गाबोळी घेऊन. त्या चार दिवसांत कणकुंबीपासून खाली प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी माणसं असतात. बुट्ट्या, मच्छरदाण्या, जाळी, जे हाताला लागेल ते. मीही गेलोय, लहानपणी आणि मोठेपणीसुद्धा. एका मादीच्या पोटात हजारो अंडी. ती आपण तव्यावर परततो आणि मार्गशीर्षात डोहाकाठी बसून पाणमांजराला शिव्या देतो. वर कुणी जिलेटिनचा बार उडवतो, कुणी ब्लिचिंग पावडर टाकतो, कुणी करंट सोडतो. त्या पाण्यात बोटभर पिल्लूही वाचत नाही. त्यांच्याविरुद्ध आपण सहा जण कधी जमलो होतो का?

त्या डोहावरच्या खडकावर त्यांची विष्ठा मी तपासून बघितली. एकाच जागी येऊन टाकतात, माशाचा उग्र वास येतो. त्यात चिलापीच्या पाठीचे कडक काटेच जास्त होते. चिलापी 1952 साली आपल्या देशात आणली आणि आता प्रत्येक बंधाऱ्यात आहे. ती खाणारं जनावर डोहावर असावं असं मला तरी वाटतं.

हिडकलवाला
चिलापी गरीबाचा मासा आहे, स्वस्त आहे. तिला वाईट ठरवू नका.

बेळगावहून, मूळ कडोलीचा
मी नोकरीनिमित्त सात वर्षं इंग्लंडात होतो. हा वाद तिथं जसाच्या तसा चालतो म्हणून लिहितो. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून शेतातल्या डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांमुळं तिथल्या नद्यांतली पाणमांजरं बहुतेक संपली. ती औषधं बंद झाली, 1978 साली पाणमांजराला कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि 2011 पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात ती परत दिसू लागली. गळवाल्यांत तिथंच फूट पडली. तळ्यांत वीस-वीस किलोचे कार्प असतात, त्यांना नावं ठेवलेली असतात. तोच मासा एक जण धरतो, वजन करतो, फोटो काढून परत सोडतो, पुढच्या वर्षी दुसरा धरतो. असा मासा एका रात्रीत पाणमांजरानं खाल्ला की माणसं रडतात. काही म्हणतात, पाणमांजरं कमी करा. काही म्हणतात, नदी सुधारल्याचीच ही खूण आहे, मोठ्या माशाचा हव्यास आपण सोडू. तळेवाले कुंपण घालतात. मला पटलं ते कुंपण. आणि मासा परत सोडायची रीत आपणही घ्यावी असं वाटतं.

मलप्रभाकाठ
कुंपणाचं सविस्तर लिहा. परत सोडायचं मात्र मला जमणार नाही. मी मासा खायला धरतो.

कृष्णाकाठची भोईण
मी लेकीकडून लिहून घेते. परत सोडायचं म्हणजे काय हो? त्याच्या तोंडात लोखंड घालायचं, दमवायचं, आणि मग दया दाखवायची? आमच्या घरात असं कुणी केलं असतं तर सासऱ्यांनी काठी मोडली असती. मासा धरला तर खायचा नाहीतर विकायचा, नको असेल तर धरायचाच नाही.

पाणमांजरानं आमची जाळी फाडलीत. एकदा नवं जाळं, तीन दिवसांचं. मी शिव्या दिल्या, पण मारायचं मनात आलं नाही. ती कळपानं मासा काठाकडं हाकतात, तेव्हा आमच्या जाळ्यातही पडतो. आमचे म्हातारे म्हणायचे, नीरनायी, म्हणजे पाणमांजर, दिसली की त्या बाजूला नाव वळवा. ज्या वर्षी वरून मळीचं पाणी आलं त्या वर्षी मासे पांढरं पोट वर करून तरंगले. तेव्हा पाणमांजर नव्हतं, मगर काठावर नव्हती, आणि आमची चूल दोन महिने उसनवारीवर होती. तुम्ही हौसेवाले रविवारी येता, डोह रिकामा असला तर सोमवारी हापिसात जाता. तुमच्या रविवारासाठी फटाके लावालेत?

मलप्रभाकाठ
ताई, या शेवटच्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही.

गोकाकवरून
आमच्या कर्नाटकातच तुंगभद्रेवर मुदलापूर ते कंपली असा 34 किलोमीटरचा पट्टा 2015 साली पाणमांजरांसाठी राखीव झाला. तिथंही मासेमार आहेतच. 1972च्या कायद्यानं पाणमांजराला संरक्षण आहे, त्यामुळं औषध घालणाऱ्या त्या मित्राला आधी हे सांगा.

नंदगडचा तळेवाला
कायदा मला माहीत आहे. ताईंचं बोलणंही पटलं. पण माझा प्रश्न तसाच आहे. कुंपणाच्या जाळीला पैसा कोण देणार?

बेळगावहून, मूळ कडोलीचा
लहान भोकांची जाडी तार लागते, छातीएवढी उंच. खालची कड फूटभर जमिनीत पुरायची आणि बाहेरच्या बाजूला वाकवायची, नाहीतर उकरून आत येतात. पाणी आत घ्यायच्या आणि बाहेर सोडायच्या पाटालाही गज लावायचे, बहुतेक जण तेच विसरतात.

मलप्रभाकाठ
फटाक्यांचं मी आज सगळ्यांना फोन करून मोडलं. दोघं चिडलेत, त्यांचं त्यांच्यापाशी. तळेवाले, तारेचे पैसे आमच्याकडं नाहीत, हात आहेत. पुढच्या दोन रविवारी आम्ही चौघं गरी घरी ठेवून तुमच्याकडं येतो, चर खणायला आणि खांब रोवायला. आणि यंदा मृगात मी ओढ्यावर जाणार नाही. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही.

हिडकलवाला
मृगात न जाणं आमच्या घरी कुणाला पटायचं नाही. चढणीचा मासा वर्षातून एकदाच मिळतो.

नंदगडचा तळेवाला
या. पहार आणि फावडी माझ्याकडं आहेत, जेवण इथंच. तार घ्यायचं मी ऊस गेल्यावर बघतो. पण जाळी घालूनही आत आली, तर मी पुन्हा इथं येऊन हाच प्रश्न विचारणार.