टक्का उतरला म्हणजे चोरी मिटली?

वेलांटी (धागाकर्ती)

शोधनिबंध, प्रबंध, अहवाल लिहिणाऱ्यांना हल्ली एकच काळजी असते: आधी छापलेल्या मजकुराशी आपला मजकूर किती जुळतो याचा यंत्राने काढलेला टक्का कितीवर आला? दुसऱ्याच्या मताचा उल्लेख कुठे नि कसा करायचा, हे फारसं कुणी विचारत नाही. 'बत्तीसचे नऊ कसे करू?' हे मात्र सगळे विचारतात. मग 'महत्त्वाचा' काढून 'लक्षणीय' घालायचं, कर्तरीचं कर्मणी करायचं, दोन वाक्यांची तीन करायची. विचार तोच, क्रम तोच, उदाहरणं तीच, फक्त मूळ लेखकाचं नाव गायब. माझ्या मते हे सरळ कॉपी-पेस्टपेक्षा वाईट आहे. कॉपी-पेस्ट आळसातून होतं, इथे पुरावा पुसायला मेहनत घेतलेली असते.

याचं टोक पाहायचं असेल तर गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी २०२१ मध्ये उघडकीला आणलेला प्रकार वाचा. छापून आलेल्या शोधनिबंधांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' आणि 'बिग डेटा'च्या जागी 'कलॉसल इन्फर्मेशन' असे शब्द त्यांना सापडले. शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून उचललेला मजकूर फिरवून काढला की असंच होणार. समानता तपासणाऱ्या यंत्राला तो नवाकोरा दिसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. टक्क्याची मर्यादा काढून टाका आणि मार्गदर्शकाला वाचायला लावा.

तपासनीस

साफ असहमत. मी ग्रंथालयात प्रबंधांची समानता तपासण्याचंच काम करतो, त्यामुळे पहिल्या पानावरचा आकडा बघून फाइल मिटणारे रोज भेटतात. पण तो दोष आकड्याचा नाही. जुळणारा मजकूर म्हणजे चोरीचा निकाल नव्हे, हे टर्निटिन या समानता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवाले स्वतःच सांगतात. अहवाल उघडला की कुठला परिच्छेद कुठल्या स्रोताशी जुळतो ते दिसतं. संदर्भसूची आणि अवतरणं वगळण्याची सोय आहे. तीस टक्के आले तरी ते सगळे ठरावीक शब्दप्रयोग आणि संदर्भसूचीचे असू शकतात, आणि सहा टक्क्यांत एक अख्खं पान उचललेलं असू शकतं.

आणि मर्यादा काढली तर काय होईल? वजनदार मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्याला कुणी हात लावणार नाही, आणि ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्यावर फक्त संशयावरून ठपका बसेल. आकडा ठोकळेबाज आहे, कबूल. पण तो तोंड बघून बदलत नाही.

वेलांटी

तोंड बघत नाही तसं मजकूरही बघत नाही ना! जर्मनीचे तेव्हाचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०११ मध्ये एक कायद्याचे प्राध्यापक त्यांच्या छापील प्रबंधाचं परीक्षण लिहायला बसले आणि ओळखीची वाक्यं दिसायला लागली. प्रस्तावनेची सुरुवातच एका वर्तमानपत्रातल्या लेखातून उचललेली होती. बायरॉइट विद्यापीठाने त्याच महिन्यात पदवी काढून घेतली, १ मार्चला मंत्रिपद गेलं. सुरुवात झाली ती एका माणसाच्या वाचण्यातून.

तपासनीस

उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. हाच प्रबंध आधी परीक्षकांनीही वाचला होता, आणि सर्वोच्च श्रेणी देऊन मोकळे झाले होते! नंतर स्वयंसेवकांनी जालावर एकत्र येऊन पानन् पान ताडून पाहिलं तेव्हा बहुतेक पानांवर उचललेला मजकूर निघाला. जर्मनीच्याच अनेट शावान तर शिक्षणमंत्रीच होत्या. त्यांचा १९८० सालचा प्रबंध २०१३ मध्ये रद्द झाला. ३३ वर्षं तो वाचणाऱ्यांच्या हातात होता. विषय काय, तर विवेकबुद्धी.

आडवी रेघ

तुम्हा दोघांच्या भांडणात लिहिणारा माणूस कुठेच नाही. परक्या भाषेत निबंध लिहिणाऱ्याकडे सुरुवातीला वाक्यांचे साचे नसतात, तो ते उसने घेतो. लेखनाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात मांडलं होतं की मूळ मजकुराचे तुकडे जोडून लिहिणं ही बऱ्याचदा शिकण्याची पायरी असते, त्याला सरसकट गुन्हा म्हणू नये. मला ते पटतं. 'या निष्कर्षांवरून असे दिसते की' हे वाक्य कुणाच्या मालकीचं आहे?

बहुतेक घोटाळा लिहिताना होतच नाही, तो टिपणं काढताना होतो. वाचताना आवडलेलं वाक्य आपण वहीत जसंच्या तसं उतरवतो, अवतरणचिन्हं टाकत नाही, पान क्रमांक लिहीत नाही. चार महिन्यांनी तेच वाक्य स्वतःचं वाटतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना टिपणाचे तीन प्रकार वेगळे ठेवायला लावते: शब्दशः उतरवलेलं, आपल्या शब्दांत मांडलेलं आणि आपलं स्वतःचं मत. पहिल्या दोघांपुढे स्रोत आणि पान तिथल्या तिथे लिहायचं. नंतर शोधू म्हटलं की संपलं. आपल्या शब्दांत मांडतानाही पुस्तक मिटायचं, लिहायचं, मग उघडून ताडायचं. आणि शब्द आपले झाले तरी विचार दुसऱ्याचा आहे, तेव्हा उल्लेख हवाच. हे न शिकवता थेट आकडा तोंडावर फेकला तर पोरं शब्दच फिरवणार.

वेलांटी

पायरी म्हणालात ते मान्य, पण पदवीचा प्रबंध छापून झाल्यावर कसली पायरी?

मसुदा

इथे सगळे विद्यापीठातलेच दिसताय. मी कंपन्यांचे करार लिहितो. करारातलं एखादं कलम वर्षानुवर्षं वापरात असतं, न्यायालयांनी त्याचा अर्थ लावून ठेवलेला असतो. ते 'स्वतःच्या शब्दांत' लिहायला गेलो तर अशील मला हाकलून देईल. तिथे उचलणं हेच कसब.

सल्लागाराच्या अहवालाचं मात्र वेगळं. अशील पैसे मोजतो ते आपल्या परिस्थितीचा कुणी विचार केला असेल या भरवशावर. तिथे दुसऱ्या ग्राहकाच्या अहवालातला भाग नाव बदलून चिकटवला तर ती फसवणूक, मग तो भाग सल्लागाराने स्वतःच लिहिलेला का असेना.

आडवी रेघ

@मसुदा, पूर्ण सहमत. 'स्वतःचं स्वतःच चोरलं तर काय बिघडलं' म्हणणाऱ्यांसाठी: १९९७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने एक अभ्यास छापला होता. ऑन्डॅनसेट्रॉन या उलटी थांबवणाऱ्या औषधाच्या चाचण्यांचे काही निष्कर्ष आधी छापलेत हे न सांगता पुन्हा छापले गेले होते. सगळं एकत्र मोजल्यावर औषधाचा गुण २३ टक्क्यांनी जास्त दिसत होता. तेच रुग्ण दोनदा मोजले गेले! पद्धतीचं वर्णन पुन्हा वापरा, 'आधी इथे छापलं आहे' असं लिहा, कुणाची हरकत नाही. निष्कर्ष गुपचूप दुसऱ्यांदा विकू नका.

वेलांटी

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण बघा, यातलं काहीच टक्क्यात धड दिसत नाही. विचार उचलला, दिसत नाही. परभाषेतून भाषांतर करून घेतलं, बहुतेकदा दिसत नाही. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराचा टक्का तर पुष्कळदा शून्याजवळ येतो. आणि प्रामाणिकपणे अवतरणं देणाऱ्याचाच आकडा फुगतो.

तपासनीस

फुगू दे, वगळण्याची सोय आहे असं वर लिहिलंय. बरं, मर्यादा काढू. त्या जागी नियमात काय लिहायचं ते सांगा. 'मार्गदर्शकाने वाचावे'? ते आजही लिहिलेलंच असतं, खाली सहीही असते. वाचलं की नाही ते कोण तपासणार?

वेलांटी

तोंडी परीक्षेत. कुठलंही पान उघडायचं आणि विचारायचं, हा मुद्दा कुठून आला, मूळ लेखक नेमकं काय म्हणतो, तुम्ही त्यात काय घातलंत. ज्याने लिहिलंय तो सांगेल.

तपासनीस

आणि विचारणाऱ्याने ते पान आधी वाचलेलं असेल, असं धरून चाललाय तुम्ही.