मदत हवी आहे: बकरीवाटपाची तत्त्वं लिहायची आहेत (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

पैनगंगाकाठ
नमस्कार. आमच्या महिला ग्रामसंघाला गरीब कुटुंबांना जनावरं देण्यासाठी देणगी मिळाली आहे. एका कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) वीस घरांना प्रत्येकी दोन बकऱ्या द्यायचा विचार आहे. वाटपाआधी पानभर तत्त्वं लिहून पोडाच्या बैठकीत वाचायची आहेत. हायफर इंटरनॅशनल १९४४ पासून चालवते ती पद्धत आवडली: मिळालेल्या जनावराची पहिली मादी पुढच्या गरजू घराला द्यायची. पण ती इथे कशी बसवायची? परतफेड किती दिवसांत मागावी? बकरी मेली तर काय? आणि काही सदस्यांना बकरीऐवजी संकरित गाय हवी आहे.

बेंबळा
गायीचा विषय आधी संपवा. शेतकरी आत्महत्यांनंतर आलेल्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अनुदानावर दुभती जनावरं दिली गेली. हिरवा चारा, पाणी आणि दूध संकलन नसलेल्या गावांत ती पोसणं परवडलं नाही, अनेकांनी विकून टाकली. म्हणून तुमचं पहिलं तत्त्व असं असू द्या: ज्या जनावराला मे महिन्यातही घरच्या घरी चारा-पाणी पुरवता येईल, तेच द्यायचं. त्या हिशेबानं पोडावर बकरीच, आणि तीही इथली बेरारी. बाहेरून आणलेली भारी जात उन्हाळ्यात खंगते.

'पहिली मादी पुढे द्यायची' एवढंच लिहिलंत तर भांडणं होतील. तारखेवर नका जाऊ, वजन आणि वयावर जा. गाभणकाळ पाच महिन्यांचा. पाठ (तरुण मादी) आठ-नऊ महिन्यांची आणि निदान १८ किलोची झाल्याशिवाय पुढे देऊ नये. म्हणजे बकरी गाभण राहिल्यापासून सव्वा वर्ष सहज जातं. पहिल्या वेतात बहुधा एकच पिल्लू असतं, आणि ते बोकड निघण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे मुदत दोन वर्षांची ठेवा आणि बोकड झाला तर पुढच्या वेताची वाट पाहा. बोकडाच्या बदल्यात पैसे मागू नका. पैसे आले की ती कर्जवसुली होते आणि लोक पिल्लं लपवायला लागतात. पुढे जाणारी पाठ लसीकरण झालेली आणि जंत पाडलेली हवी, नाहीतर शेवटच्या घराला उरलंसुरलं जनावर मिळतं.

आपल्याकडे बटईची रीत आहेच: एकाची बकरी, दुसऱ्याची राखण, पिल्लं निम्मी-निम्मी. लोकांना ती चांगली ठाऊक आहे. फरक बैठकीत स्पष्ट सांगा. इथे पिल्लू मालकाकडे परत जात नाही, शेजाऱ्याकडे जातं, आणि मूळ बकरी त्या घराचीच राहते.

कोठा-कुरण
घरांची निवड तुम्ही करू नका. पोडाची बैठक भरवा, नावं सगळ्यांसमोर वाचा आणि पाठ कोणत्या घराकडून कोणाकडे जाणार हेही तेव्हाच ठरवा. जोडी आधी ठरली की घेणारं घर देणाऱ्याच्या बकरीवर स्वतःच लक्ष ठेवतं, तुमच्या फेऱ्यांची गरज कमी पडते. करार घरातल्या बाईच्या नावावर करा. राखण बहुतेक तीच करते, पण व्यापाऱ्याशी सौदा दुसराच करतो. पोडावर एक लटकता वजनकाटा घेऊन ठेवा. व्यापारी नजरेनं भाव सांगतो, काटा असला की बोलणी किलोवर येतात.

बकरी येण्याआधी कोठा झालाच पाहिजे, आणि श्रम त्या घराचेच असावेत. प्रत्येक बकरीला दहा चौरस फूट छपराखाली आणि वीस चौरस फूट मोकळी जागा धरा. जमीन ओली राहत असेल तर बांबूची मचाण घाला, नाहीतर पावसाळ्यात खुरं सडतात.

वाटप दिवाळीनंतर करा. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) नुकतंच आलेलं असतं, पुढे तुरीचं, मग हरभऱ्याचं. जून-जुलैत दिलेली बकरी सगळीकडे उभं पीक असताना दावणीला बांधून राहते आणि पहिल्या ओलीत आजारी पडते. बाजारातून एकगठ्ठा खरेदी टाळा, पीपीआर (बकऱ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) तिथूनच येतो. गावोगावच्या घरांतून दोन-अडीच महिन्यांच्या गाभण बकऱ्या घ्या. शेवटच्या महिन्यातली गाडीत घातली तर गाभडते. आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या ठेवा. पीपीआरची लस एकदा दिली की तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन बकरी अचानक मरते तो रोग) मात्र दरवर्षी पावसाळ्याआधी द्यावी लागते, आणि पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. पशुसखीला (गावात जनावरांची प्राथमिक काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित बाईला) हे वेळापत्रक लिहून द्या.

कीटकनाशक फवारलेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावर (बांधावर) बकऱ्या नेऊ नयेत आणि कोवळी ज्वारी खाऊ देऊ नये, ही दोन वाक्यंही त्याच पानावर असू द्या. प्रशिक्षण हे तत्त्व म्हणून लिहिणं सोपं आहे, पण बकऱ्या दगावतात त्या अशाच गोष्टींनी.

पैनगंगाकाठ
खूप मदत झाली. चाळीस बकऱ्यांना बोकड किती? आणि एखाद्या घरानं दवाखान्याच्या खर्चासाठी बकरी विकली, तर करार मोडला असं धरायचं का?

बेंबळा
बोकड दोन, वेगवेगळ्या गावांतले. दीड-दोन वर्षांनी शेजारच्या पोडाशी अदलाबदल करा, नाहीतर बाप-लेकींचा संकर होऊन पिल्लं अशक्त निघतात. पुढे गेलेली पाठ कोणत्या बोकडाची, हे नोंदवहीत लिहिलेलं पाहिजे.

विकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अडचणीत विकता येते म्हणूनच बकरी गरिबाच्या कामाची. ती विकणं गुन्हा ठरवलंत तर दान दिलं असं म्हणताच येणार नाही. अट एवढीच ठेवा, की विकण्याआधी गटाला सांगायचं आणि दोन्ही एकदम विकायच्या नाहीत. पाठ देण्याचं वचन राहतं, मुदत वाढते.

मेलेल्या बकरीचंही तसंच. त्याच दिवशी कळवलं आणि कानातला बिल्ला दाखवला तर परतफेड माफ, लपवलं तर नाही. विमा काढला असेल तर बारा अंकी बिल्ल्याशिवाय दावा मंजूर होत नाही आणि शवविच्छेदनही लागतं, त्यामुळे पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायला सांगा. विमा नसेल तर दर घरामागे महिन्याला वीस रुपये गटाच्या खात्यात जमा करा. वीस घरांचे वर्षाला ४८०० होतात.

कोठा-कुरण
एक राहिलं. व्यायल्यावर तासाभरात पिल्लाला चीक पाजायचा, आणि पहिला महिना दूध पिल्लाचंच. त्यानंतरचं आधी घरातल्या लेकरांना, उरलं तर विक्री. हा क्रम पानावर लिहा. पान कोलामी बोलणाऱ्या बाईकडून वाचून घ्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसांनाही प्रश्न विचारता येतील.