फाइलझिला, आरक्लोनमध्ये पासवर्ड साठवावा का?

निवांत_नाना: आमच्या छपाईच्या ऑफिसात गिऱ्हाइकांच्या फायली सर्व्हरवर चढवायला फाइलझिला आणि क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठ्यात) चढवायला आरक्लोन, हे दोन्ही प्रोग्राम चालतात. माझं मत स्पष्ट आहे : मास्टर पासवर्ड (साठवलेल्या सगळ्या पासवर्डांना कुलूप घालणारा एक पासवर्ड) लावला नसेल तर साठवलेला पासवर्ड उघडाच समजा. फाइलझिला तो साइटमॅनेजर नावाच्या एक्सएमएल फायलीत नुसता बेस-६४ (किल्लीशिवाय उलटवता येणारं अक्षरांतर) करून ठेवतं, कुणीही क्षणात उलगडेल. मास्टर पासवर्डची सोय २०१७ पासून आहे, पण लावतो कोण? आरक्लोनच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फायलीतला पासवर्ड गिचमिड दिसतो खरा, पण तोही सहज उलटवता येतो.

सदाशिव_पेठी: असहमत. संगणकात चोर-प्रोग्राम शिरला की तुम्ही टाइप करता तो मास्टर पासवर्डही तो टिपणारच. त्यापेक्षा डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं अख्खी डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लावा आणि गप्प बसा.

निवांत_नाना: चालू मशीनवर डिस्क उघडलेलीच असते, तिथे बिटलॉकरचा काय उपयोग? शिवाय पासवर्डांची ती फाइल मशीनवरच थोडी राहते! बॅकअपमध्ये जाते, नव्या लॅपटॉपवर जाते. "सेटिंग पाठव रे" म्हटलं की लोक साइट्स एक्सपोर्ट करून व्हॉट्सॲपवर ढकलतात, पासवर्डांसकट.

टर्मिनलवाली: किल्ली (साठवलेला पासवर्ड किंवा की) चोरीला गेलीच तर काय काय उघडतं, ते आधी बघा की. ॲमेझॉनच्या एस-३ या क्लाउड साठ्यासाठी रूट, म्हणजे सर्वाधिकारी, खात्याची की वापरणारे महाभाग आहेत! एका बकेटपुरता (एस-३ मधल्या एका कप्प्यापुरता) आयएएम युजर, म्हणजे मर्यादित अधिकारांचं खातं, करा, डिलीटची परवानगी देऊच नका. गूगल ड्राइव्हला आरक्लोन जोडताना 'ड्राइव्ह डॉट फाइल' स्कोप (परवानगीची मर्यादा) निवडा, म्हणजे आरक्लोनने स्वतः चढवलेल्याच फायली त्याला दिसतात. लॅपटॉप हरवला तर गूगल खात्यात जाऊन आरक्लोनची परवानगी काढून टाका.

सदाशिव_पेठी: आणि गिऱ्हाइकाने ब्राउझरमधून टाकलेली फाइल? तीही दिसणार नाही मग.

टर्मिनलवाली: बरोबर, त्या कामाला आरक्लोनमध्ये फक्त वाचण्यापुरता दुसरा रिमोट (साठवलेली जोडणी) करा. आणि कॉन्फिग फायलीला पासवर्ड लावा, आरक्लोन मग अख्खी फाइल एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करतं.

निवांत_नाना: रात्री दोनला आपोआप बॅकअप चालतो, तेव्हा तो पासवर्ड कोण टाइप करणार?

टर्मिनलवाली: आरक्लोनमध्ये पासवर्ड-कमांडचा (पासवर्ड दुसऱ्या प्रोग्रामकडून घेण्याचा) पर्याय आहे, विंडोजच्या क्रेडेन्शियल (पासवर्डांच्या) साठ्यातून उचलता येतो. बॅच फायलीत (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फायलीत) मात्र लिहून ठेवू नका, नाहीतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

सदाशिव_पेठी: म्हणजे शेवटी भिस्त विंडोजच्या लॉगिनवरच! आणि त्याच लॉगिनखाली चालणाऱ्या चोर-प्रोग्रामने तोच साठा उघडला तर?

टर्मिनलवाली: तर त्याला एक बकेट मिळेल, डिलीटविना.