घरचं अत्तर : काय साधलं, काय फसलं?

कपाट आवरताना दोन वर्षांपूर्वी मी केलेल्या ‘अत्तरा’ची बाटली सापडली. बूच काढलं तर खवट खोबऱ्याचा भपका. मोगऱ्याचा मागमूस नाही. जळगावात, तेही एप्रिलात, खोबरेलावर मोगरा पसरणं हा मुळातच वेडेपणा होता. मोगरा खुडल्यावरही रात्रभर वास सोडत राहतो. तो वास घट्ट तेला-तुपाच्या थरात उतरवायचा, सकाळी फुलं काढून ताजी घालायची, अशी रीत. पण खोबरेल २४-२५ अंशांना पातळ होतं आणि आमच्या स्वयंपाकघरात रात्री बारालाही त्याहून कितीतरी जास्त! फुलं तेलात बुडाली, त्यांचं पाणी उतरलं, आठव्या दिवशी वर बुरशीची साय.

आपल्या खान्देशात आणखी कुणी हे उद्योग केलेत का? अत्तर, फुलेल (फुलांच्या वासाचं तेल), गुलाबपाणी, काहीही चालेल. फसलेलं आधी सांगा, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

*

अमळनेरहून लिहितेय. मी कुकरमध्ये गुलाब उकळले. शिट्टी काढली, तिथे प्लॅस्टिकची नळी खोचली, नळी बर्फाच्या बादलीतून फिरवून बरणीत सोडली. एक किलो देशी गुलाबाच्या पाकळ्या होत्या. आई दारातून म्हणाली, “हाई काय करी ऱ्हायनी वं? दारू काढी ऱ्हायनी का?” बरणीत जे आलं त्याला गुलाबाचा कमी आणि नव्या रेनकोटचा वास जास्त होता. गरम वाफेने नळीचाच अर्क निघाला!

पुढच्या खेपेला फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी आणली, मग गुलाबपाणी झकास झालं. तेलाची आशा मात्र धरू नका. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे माझ्या वाट्याला जेमतेम पाव ग्रॅम, तेही पाण्यातच मुरलेलं. आणि कुकर निम्म्याहून जास्त भरू नका. पाकळी वाफेच्या भोकात अडकली तर काय होईल ते सांगायला नको.

*

शहादा तालुका. गुलाब कशाला शोधता, आपलं रोशा गवत आहे की! आमच्याकडे तिखाडीही म्हणतात. सातपुड्याच्या उतारांवर पावसानंतर फुलोऱ्यावर येतं, तुरे लालसर होतात. चुरगाळून हुंगलं की गुलाबाची आठवण येते, मागून थोडी तिखट झाक. कारण गुलाबात आणि यात एकच द्रव्य असतं, जिरॅनिऑल. एकोणिसाव्या शतकात खान्देशातलं हे तेल मुंबईहून जहाजाने बाहेर जायचं आणि तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. भेसळच ती, पण आपल्या गवताची!

माझे आजोबा लहानपणी हे तेल काढायच्या भट्टीवर गवताचे भारे टाकायला जात. भट्टी कायम ओढ्याच्या काठी, कारण वाफेची नळी वाहत्या पाण्यातून न्यायची असते. घरी सांध्यांना चोळायला एक बाटली नेहमी असायची. तेव्हा आम्हाला तो ‘म्हाताऱ्यांचा वास’ वाटायचा.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि भाच्याने पत्र्याच्या तेलाच्या डब्यात पाच किलो गवत कोंबलं. खाली पाणी, मध्ये जाळी, वर कणकेने लिंपलेलं झाकण. दोन तासांनी बाटलीत पाण्यावर पिवळसर थर तरंगू लागला. भाचा ओरडला, “मामा, तूप!” थर सिरिंजने ओढून घेतला, तीन चमचे भरले. पहिल्या दिवशी धुराचा आणि ओल्या कडब्याचा वास होता. तोंडाला फडकं बांधून महिनाभर अंधारात ठेवलं, मग तो गेला आणि गुलाब वर आला.

यात मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार असतात. गुलाबाचा वास मोतियाला. सोफिया हाती आलं तर टर्पेंटाइनसारखं लागतं, तेव्हा कापण्याआधी तुरा चोळून बघा.

*

धुळे. सुगंधी तेल विरघळवायला मी स्पिरिटच्या नादी लागलो होतो. मेडिकलमधलं स्पिरिट घेतलं तर शर्टाला इंजेक्शनच्या खोलीचा वास. एकाच्या सल्ल्याने व्होडका घातली, तर बाटली ताकासारखी पांढरी झाली, कारण तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी आणि तेल पाण्यात मिसळत नाही. रंगाच्या दुकानातलं स्पिरिट कुणी सुचवलं तर ऐकू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं आणि ते कातडीतूनही अंगात जातं. मग लक्षात आलं की उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या जुन्या रीतीच्या अत्तरात स्पिरिट नसतंच. भपक्यात, म्हणजे वाफ गोळा होते त्या भांड्यात, चंदनाचं तेल ठेवतात आणि फुलांची वाफ त्यातच उतरवतात. चंदन परवडेना, म्हणून मी बदामतेलात वाळा आणि लवंग यांची विकतची तेलं घालून कानामागे लावतो. आपल्या उन्हात स्पिरिटचा फवारा नाहीतरी बसस्टँडपर्यंतही टिकत नाही.

*

रावेर. एकच सांगते. लिंबाच्या साली तेलात मुरवून ते मानेला लावून केळीच्या बागेत जाऊ नका. मी गेले. दोन दिवसांनी काळपट चट्टे उठले, जायला दोन महिने लागले. लिंबाच्या सालीत असं काही असतं की ऊन लागलं की कातडी भाजते. संध्याकाळी लावा हवं तर.

*

नंदुरबार. माझं अत्तर म्हणजे माठात टाकलेली वाळ्याची पुरचुंडी आणि कूलरला बांधलेली वाळ्याची ताटी. ४४ अंशांत याच्यापुढे सगळं फिकं!

*

पारोळा. पहिल्या ताईंना सांगायचंय : मोगरा तेलात नाही, तिळात घाला. आमची आजी फुलेल करायची. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी येत, तोवर बाटल्या तयार असत. पॉलिशचे तीळ परातीत पसरायचे, संध्याकाळी त्यावर उमलत्या कळ्यांचा थर, वर परत तीळ, वर ओलं नव्हे तर कोरडं धोतर. सकाळी फुलं चाळून काढायची आणि तीळ सावलीत वाळवायचे. असं सात-आठ रात्री. तीळ वितळत नाहीत, म्हणून आपला उन्हाळा आडवा येत नाही. मग तेलाच्या घाण्यावर तेल काढायचं. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा एकटीने केलं. चौथ्या दिवशी चाळायचा कंटाळा केला, तर त्या थरातले तीळ आंबूस झाले, तेवढे फेकले. बाकीचं तेल वेणीला लावलं की अजून शेजारीण विचारते, गजरा कुठला घेतला.

*

(पुन्हा मीच, जळगाव.) ताई, घाणेवाला एक किलो तिळाला घाणा लावतो का हो?

*

नाही लावत. पाच किलो तरी न्या, आणि सकाळी पहिला नंबर धरा. आधी करडई काढली असेल तर तुमच्या मोगऱ्याला तिचाच वास लागेल.